तोंड उघडून पाहण्याची तसदी

पन्नाशीचा माणूस कोणत्याही कारणाने दवाखान्यात गेला, तरी त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला जातो. तो गुडघेदुखीसाठी आलेला असो वा खोकल्यासाठी, त्यात डॉक्टरला काही विशेष वाटत नाही आणि रुग्णालाही वावगे वाटत नाही. त्याच माणसाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आहे, दातांवर काळपट थर चढला आहे, बोलताना तोंड पुरते उघडत नाही, हे सारे समोर दिसत असूनही त्याला ‘आ करा’ म्हणणारा डॉक्टर मात्र विरळा. घसा दुखतो अशी तक्रार असेल, तर बॅटरीच्या उजेडात पडजीभ पाहिली जाते, पण गाल बाजूला सारून, जीभ बाहेर धरून, मानेवरून बोटे फिरवून तपासणी होत नाही. माझे म्हणणे असे आहे की तंबाखू, सुपारी, विडी किंवा दारू यांपैकी कशाचीही सवय असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या तोंडाची आणि मानेची डोळ्यांनी व बोटांनी तपासणी करणे ही रक्तदाब मोजण्याइतकीच नेहमीची गोष्ट व्हायला हवी. आज ती होत नाही, याचे मुख्य कारण यंत्रांचा किंवा ज्ञानाचा तुटवडा हे नाही. या कामाला आपली आरोग्यव्यवस्था काम मानत नाही, हे आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर हा प्रश्न कोणाचा आहे हे २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाने स्पष्ट केले. राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते आणि धूर न काढता तंबाखू खाणारे, लावणारे वा चघळणारे २४.४ टक्के. आपल्याकडे तंबाखू प्रामुख्याने ओढली जात नाही, ती गालात धरली जाते. तिने केलेली इजाही म्हणूनच बहुतेक वेळा बोट पोहोचेल अशा जागी होते. फुप्फुसाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल ‘लवकर कळलेच नाही’ असे म्हणताना डॉक्टरजवळ सबळ कारण असते, पण गालाच्या आतल्या बाजूला वर्षभर वाढत राहिलेल्या व्रणाबद्दल तसे म्हणणे कठीण जाते. देशात ओठ आणि तोंड यांच्या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात आणि त्यांतील बहुसंख्य रुग्ण आजार बराच पुढे गेल्यावर मोठ्या रुग्णालयाची पायरी चढतात. दुसरीकडे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील लोकांना तोंडाची कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली आहे काय असे विचारले, तेव्हा होकार देणाऱ्यांचे प्रमाण शंभरात जेमतेम एक असे निघाले.

तपासणी म्हणजे नेमके काय, हे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ‘तोंड पाहिले’ या दोन शब्दांत मोठी पळवाट आहे. रुग्णाला तोंडातला ऐवज टाकून चूळ भरायला सांगावे आणि कवळी असेल तर ती काढायला लावावी, कारण कवळीखालचा भाग पुष्कळदा कोणी पाहिलेलाच नसतो. तंबाखूची गोळी कोठे ठेवता असे विचारले, तर रुग्ण स्वतःच बोटाने जागा दाखवतो. पहिली नजर तेथे टाकावी. बहुधा ती जागा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत असते, नाही तर खालच्या ओठाच्या आत. आपल्या देशातला तोंडाचा कर्करोग ज्या जागेवरून ओळखला जातो, ती हीच जागा. ओठ उलटे करून, दोन्ही गाल ताणून ही खाच शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत पाहावी लागते. मग जिभेचे टोक कापडाच्या तुकड्याने धरून ती हलकेच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढायची, कारण जिभेचा कर्करोग सहसा वरच्या पृष्ठभागावर उगवत नाही, कडेला उगवतो आणि नुसते ‘आ’ केल्याने कड दिसत नाही. जीभ टाळूला लावायला सांगून तिच्याखालचा तळ पाहायचा, नंतर टाळू, गिलायू (टॉन्सिल) आणि घशाची मागची भिंत.

एवढे डोळ्यांचे काम झाले, तरी अर्धेच काम झालेले असते. हातमोजा घालून बोट फिरवल्याशिवाय, वरून किरकोळ वाटणाऱ्या व्रणाचा तळ दगडासारखा कडक आहे की मऊ, हे कळत नाही. तोंडाचा तळ तपासताना एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली, अशी दोन्ही हातांनी चाचपणी करावी लागते. शेवटी मान. रुग्णाच्या मागे उभे राहून, त्याला मान किंचित पुढे झुकवायला सांगून, जबड्याखालून सुरुवात करून मानेच्या तिरक्या स्नायूच्या कडेने गळपट्टीच्या हाडापर्यंत दोन्ही बाजू एकदमच चाचपाव्यात, म्हणजे एका बाजूचा फरक लगेच जाणवतो. सराव असलेल्या माणसाला या सगळ्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. सराव नसलेल्याला पाच लागतील.

काय शोधायचे याची यादी फार लांबलचक नाही. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहून अधिक संशयास्पद असा मखमली लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसताना हलू लागलेली दाढ, दात काढल्यावर भरून न आलेला खड्डा, अडखळणारी जीभ, बसलेला आवाज. या सर्वांत घातक गोष्ट म्हणजे आरंभी यांतले बहुतेक काही दुखत नाही. ‘तोंड आलंय’ असे म्हणून माणूस येतो, त्याला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला मलम मिळते. साधे तोंड आलेले असेल तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होते आणि श्रेय गोळ्यांना जाते. ते श्रेय मिळत राहते म्हणूनच, ज्या एकाचा व्रण बरा होत नाही त्यालाही पुन्हा तीच गोळी लिहून दिली जाते. गोळी देण्यास माझा आक्षेप नाही. ती देताना व्रण कोठे आहे, केवढा आहे, हे कागदावर लिहिले जात नाही आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या असे बजावले जात नाही, याला आहे.

बोटांनी मोजायची आणखी एक खूण विदर्भातल्या डॉक्टरांना तरी नवी नाही. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या बाजूला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा, आणि इतरत्र मावा वा गुटखा खाणाऱ्यांत गालाच्या आतले अस्तर पांढरट, ताठ आणि दोरीसारखे होत जाते. तिखट सहन होत नाही, ही पहिली तक्रार असते. मग भाकरीचा मोठा घास तोंडात जात नाही आणि पुढे उभी तीन बोटे जेथे सहज मावायला हवीत तेथे दोन आणि मग एकच मावते. या विकाराला मुंबईतील डॉ. जोशी यांनी १९५३ मध्येच ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ असे नाव दिले होते. त्याचे मूळ सुपारीत आहे आणि त्यातून काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो, हेही जुने ज्ञान आहे. पण तोंड किती उघडते याचे मोजमाप किती केसपेपरांवर लिहिलेले आढळते? राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीला कोणी धोक्याच्या यादीत धरत नाही. ती पूजेच्या ताटातही असते आणि जेवणानंतरच्या विड्यातही, त्यामुळे ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे वाक्य रुग्ण निर्दोषत्वाचा दाखला दिल्यासारखे उच्चारतो आणि ऐकणाराही ते तसेच ऐकतो.

प्रश्न कसा विचारला जातो यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कोकणातल्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ती ठामपणे नाही म्हणते आणि ते खोटे नसते. ‘मिश्री लावता का?’ असे विचारले की ती म्हणते, लावते की, सकाळी आणि दुपारी जेवल्यावर. भाजून पूड केलेली तंबाखू हिरड्यांवर चोळणे हा तिच्या लेखी दात घासण्याचा प्रकार आहे, व्यसन नव्हे. धोक्यातला रुग्ण ओळखण्याचा पहिला टप्पाच असा चुकीच्या शब्दामुळे हुकतो. सासू-सुनांच्या समोर, पदर सावरत बसलेल्या स्त्रीला परपुरुषासमोर तोंड उघडून जीभ बाहेर काढणे अवघड वाटते, हेही गृहीत धरायला हवे. येथे आरोग्यसेविका किंवा महिला समुदाय आरोग्य अधिकारी जे करू शकते ते तज्ज्ञ डॉक्टर करू शकत नाही.

मानेतल्या गाठीचा विषय वेगळ्या रागाने लिहावासा वाटतो. आपल्याकडे मानेत गाठ म्हणजे क्षय, असे समीकरण बसले आहे आणि तरुण रुग्णात ते पुष्कळदा बरोबरही असते. परंतु चाळिशी उलटलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत हळूहळू वाढणारी, न दुखणारी, कडक गाठ ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत कर्करोगाची समजावी, हा वैद्यकशास्त्रातला जुना धडा आहे. त्या गाठीचे मूळ जीभ, गिलायू, घसा वा स्वरयंत्रात कोठे तरी असण्याची दाट शक्यता असते, आणि ते शोधायला तोंड उघडावे लागते. प्रत्यक्षात काय होते? तपासणीविनाच क्षयाची औषधे सुरू होतात आणि काही महिन्यांनी गाठ मोठी झाल्यावर रुग्ण पुढे पाठवला जातो, किंवा कोणी तरी उत्साहाने गाठच कापून काढतो आणि पुढच्या शस्त्रक्रियेची घडी विस्कटून ठेवतो. सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणे हा सोपा मार्ग असताना आणि त्याआधी घसा नीट पाहणे हा त्याहूनही सोपा मार्ग असताना, हा उद्योग होतो. कान दुखतो पण कान स्वच्छ आहे, अशा रुग्णाबाबतही तेच. जीभ, घसा आणि कान यांच्या संवेदना काही समान मज्जातंतूंतून जातात, त्यामुळे दुखते कानात आणि आजार असतो घशात. कानात थेंब टाकून पाठवलेले असे रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेमाने येतात.

हाताने केलेल्या तपासणीची महती सांगताना तिच्या मर्यादा लपवणे बरोबर नाही. स्वरयंत्र, जिभेचे मूळ आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेले कोपरे बॅटरीने दिसत नाहीत. तेथे आरसा किंवा दुर्बीण लागते. (स्वरतंतू आरशात पाहण्याची युक्ती एका गायनशिक्षकाची आहे. मान्युएल गार्सिया याने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. आवाज कसा निर्माण होतो याची त्याला जेवढी उत्सुकता होती, तेवढी आवाज बसलेल्या रुग्णाबद्दल आपल्याला असायला हरकत नाही.) म्हणून आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर साध्या तपासणीवर न थांबता रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवणे, हाच त्या तपासणीचा भाग मानला पाहिजे. मानेबाबतची मर्यादा तर मुंबईतल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या अभ्यासानेच दाखवून दिली आहे. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत आहे आणि मानेत काहीही लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट करून एका गटात मानेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या आणि दुसऱ्यात त्या पुढे वाढल्या तरच काढल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के आणि दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे निष्णात हातांनाही जे लागत नाही, असे काही मानेत असते. हा पुरावा तपासणीविरुद्ध जात नाही, कारण मानेचा विचार करण्याची वेळ तोंडातला छोटा व्रण कोणी तरी आधी पाहिला तरच येते. मात्र ‘मानेत काही नाही’ असे चिठ्ठीवर लिहून निर्धास्त होता येत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

तोंड पाहिल्याने मृत्यू खरोखर टळतात काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपला देश कोणाच्या मागे नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. जे काम अर्धशतकापूर्वी गावोगाव फिरून झाले, ते आज अशक्य आहे असे म्हणताना थोडी लाज वाटायला हवी. पुढे केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून, पस्तिशीच्या पुढच्या स्त्री-पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. त्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सुमारे तीन वर्षांच्या अंतराने घरोघरी जाऊन उजेडात तोंडे पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. सर्व लोकसंख्या एकत्र धरली, तर मात्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानेही २०१३ मध्ये, लक्षणे नसलेल्या सरसकट प्रौढांची अशी तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असेच म्हटले. या दोन्ही गोष्टींत मला विरोध दिसत नाही. सगळ्यांची तोंडे पाहत फिरा, असे कोणी म्हणत नाही. ज्यांना धोका आहे त्यांची पाहा, एवढेच हा पुरावा सांगतो, आणि महाराष्ट्रात असा धोका असलेला माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

वेळ नाही, हा आक्षेप सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडून आला, तर तो मी हसण्यावारी नेणार नाही. सकाळच्या सत्रात शंभरावर रुग्ण पाहणाऱ्याला प्रत्येकी तीन मिनिटे अधिकची कोठून मिळणार? उत्तर असे की तपासणी प्रत्येकाची नको आणि प्रत्येक वेळी डॉक्टरनेच करायला नको. केरळात पदवी नसलेल्यांनी ती केली. आपल्याकडे आशा सेविका घरोघरी जो ‘सीबॅक’ फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, भरतात, त्यात तंबाखूची सवय, तोंडातला बरा न होणारा व्रण, तोंड उघडायला होणारा त्रास, आवाजातला बदल हे प्रश्न आहेतच. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात तिशीपुढच्या सर्वांची तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याची तरतूद आहे. तंबाखू खाणाऱ्यासाठी पाच वर्षे हे अंतर मला फार वाटते, पण तूर्त ते तरी पाळले जावे. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरचा वेळेचा आक्षेप मात्र मला तितकासा पटत नाही. आणि दंतवैद्याला तर तो लागूच पडत नाही, कारण त्याच्यासमोर रुग्ण आधीच तोंड उघडून, दिव्याखाली पडलेला असतो. हलणारी दाढ उपटण्यापूर्वी ती का हलते आहे, एवढा विचार करणे त्याच्या कामाबाहेरचे नाही.

माझा खरा विरोध शिबिरांना आहे, निदान ती ज्या रीतीने होतात त्या रीतीला. जागतिक तंबाखूविरोधी दिनी, ३१ मे रोजी, मांडव पडतो, पाहुणे येतात, रांगेतल्या माणसांच्या तोंडावर मोबाइलचा उजेड मारला जातो आणि संध्याकाळपर्यंत ‘एवढ्या जणांची तपासणी’ असा आकडा तयार होतो. त्यांतल्या कितींना संशयित म्हणून पाठवले, किती जण पोहोचले, कितींचा तुकडा काढून तपासला आणि त्यांतून काय निघाले, हे विचारले की सगळे गप्प. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात, जेथे सारे काही नीट आखलेले होते तेथेही, संशयित ठरलेल्यांपैकी केवळ ६३ टक्क्यांच्या आसपास लोक पुढच्या तपासणीला गेले. आपल्या मांडवातून किती जात असतील? तुकडा काढला की रोग पसरतो ही समजूत, बुडणारी रोजंदारी, जिल्ह्याच्या गावी कोठे जायचे याची धास्ती, ही न जाण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर उपाय यंत्रे विकत घेऊन होणार नाही. निळा रंग लावून किंवा खास दिव्याखाली चट्टा चमकवून दाखवणारी साधने बाजारात आहेत आणि त्यांना जागा आहे, पण ज्याने बोटच घातले नाही त्याच्या हाती ती देऊन काय उपयोग?

सार्वजनिक पैशाची विभागणीही पाहण्यासारखी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचाराचा खर्च केला जातो, आणि तो व्हायलाच हवा. जबड्याचा अर्धा भाग काढून तेथे पायाचे हाड बसवण्याइतकी मोठी शस्त्रक्रिया आज गरिबाला परवडू शकते, ही राज्याने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. पण त्याच व्रणाला वेळीच बोट लावणाऱ्या आरोग्यसेविकेच्या पाच मिनिटांना व्यवस्थेच्या हिशेबात किंमत नाही. तिला मानधन द्यायचेच असेल, तर तपासलेल्या डोक्यांवर देऊ नये. संशयित रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचला आणि त्याचा अहवाल तिच्या नोंदवहीत परत आला, यावर द्यावे. केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी तीन रकाने छापावेत: सवय कोणती आणि किती वर्षे, तोंड किती बोटे उघडते, चट्टा वा व्रण कोठे. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो, हा कारकुनी अनुभव वैद्यकीतही उपयोगी पडेल.

एक गट मात्र असा आहे की ज्याच्या बाबतीत पुराव्याची वाट पाहण्याचेही कारण नाही, आणि तो म्हणजे उपचार झालेले रुग्ण. ज्या तंबाखूने एका गालाचे अस्तर बिघडवले तिने उरलेल्या तोंडाला सोडलेले नसते, म्हणून अशा रुग्णात त्याच जागी पुन्हा किंवा वेगळ्याच जागी नवा कर्करोग उद्भवण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी अधिक राहते. पहिल्या दोन वर्षांत त्याला दर एक-दोन महिन्यांनी तपासावे लागते. पण मुंबईत शस्त्रक्रिया झालेला परभणीचा किंवा सिंधुदुर्गाचा माणूस दर महिन्याला परळला जाणार नाही. त्याला तालुक्याच्या गावीच कोणी तरी पाहिले पाहिजे. ते पाहणाऱ्याने टाके भरून आल्याचे समाधान बाजूला ठेवून, ज्या गालाला कधी काही झालेले नाही त्या दुसऱ्या गालाच्या खाचेत, शेवटच्या दाढेच्या मागे, बोट घालून पाहावे.